वाफेने गेलेली सही

गल्लीतले लोक त्यांना राजेसाहेब म्हणत. म्हणणाऱ्याच्या तोंडात थट्टा असे आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान. राजेसाहेबांची लाँड्री होती. पुढे काउंटर, मागे वाफेच्या इस्त्रीचं लांबलचक टेबल, छताखालच्या दांडीवर लटकणारे दुसऱ्यांचे कोट, आणि सगळ्यात मागच्या खोलीत, जिथे वाफही पोचत नसे आणि ऊनही, एक लोखंडी कपाट. त्या कपाटात राजे राहत.

राजे म्हणजे राजांच्या सह्या. जुन्या काळी एखादा राजा परमुलखातल्या बंदरावर आपला वकील नेमायचा, तेव्हा त्या नेमणुकीचा एक जाडजूड कागद निघायचा. अमक्या गावच्या अमक्या गृहस्थाला आम्ही तमक्या बंदरावर आमचा माणूस म्हणून पाठवत आहोत, त्याला मान द्यावा, अशा अर्थाचा मजकूर, खाली मोहोर आणि वर राजाची सही. असे कागद राजेसाहेब जमवत.

हे वेड त्यांना धंद्यातूनच लागलं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. बोटकंपनीवाल्या एक विधवा बाई सोनेरी किनारीचा जुना कोट धुवायला घेऊन आल्या. नातवाला शाळेच्या नाटकात घालायचा होता. कपडा पाण्यात घालण्याआधी खिसे तपासायचे, ही राजेसाहेबांची पहिल्यापासूनची शिस्त. कोटाच्या अस्तराच्या आतल्या खिशात चामड्यासारखा जाड, पुन्हा पुन्हा दुमडलेला कागद निघाला. उलगडून पाहिला तर कोटवाल्या आजोबांच्या नेमणुकीचा. वरच्या कोपऱ्यात साक्षात राजाची सही. सहीच्या शेवटी शाईचा हा एवढा डाग.

"अगं, बघ," त्यांनी बायकोला हाक मारली. "राजालासुद्धा शाई आवरत नव्हती!"

त्या डागावर त्यांचा जीव जडला. कोट परत देताना कागद पुढे केला, तर बाई म्हणाल्या, "तुम्हीच ठेवा. आजोबांचा रुबाब आमच्या भिंतीभर टांगलाय. आणखी नको."

तेव्हापासून रद्दीवाले, जुन्या वस्तूंची दुकानं, लिलाव, दूरदूरच्या हौशी लोकांशी पत्रव्यवहार, असं सगळं सुरू झालं. पण त्यातही त्यांचा एक हट्ट होता. घ्यायची ती नेमणूकच. राजाची प्रेमपत्रं नकोत, लढायांचे हुकूम नकोत, तहनामे तर नकोतच. "लढाया मोठ्या माणसांना लखलाभ," ते म्हणत. "मला एका नेमणुकीतला तो लाकडाचा व्यापारी आवडतो. सकाळी दुकानात फळ्या मोजत होता. संध्याकाळी कागद आला आणि परक्या बंदरात आजारी पडलेल्या आपल्या खलाशांचा तो मायबाप झाला. एका सहीनं! आपण दिवसभर इस्त्री फिरवून माणसात एवढा फरक पाडू शकतो का?"

"पाडता की," त्यांची बायको म्हणे. "कपडे वेळेवर दिलेत तर गिऱ्हाईक हसून जातं."

बायको काउंटर सांभाळायची. कपड्यांना चिठ्ठ्या टाचायच्या, डाग कशाचा आहे ते न विचारता ओळखायचं आणि ओळखलं तरी बोलायचं नाही, हे तिचं काम. पहिली काही वर्षं तिने या नादाला नाकं मुरडली. "दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यांच्या नोकऱ्या तुम्ही कशाला जपून ठेवता?" असं तिचं म्हणणं. मग हळूहळू तीही रमली. राजांची खरी नावं तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने आपली नावं ठेवली. एक घाईवाला, एक थरथऱ्या, आणि सहीखाली लांबलचक फराटा ओढणारी शेपटीवाली राणी. एकदा घाईवाल्याचे सगळे कागद ओळीने मांडलेले पाहून ती म्हणाली, "अहो, याची सही वर्षागणिक मोठी होत गेलीय. डोळे गेले बिचाऱ्याचे शेवटी शेवटी." राजेसाहेब बघतच राहिले. इतकी वर्षं भिंग लावून बसले होते, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांची खरी करामत मात्र घड्या काढण्यात होती. जुना कागद घडीवरच मोडतो. तिथेच तो आधी पिवळा पडतो, मग चिरतो. कागदावर इस्त्री फिरवणाऱ्याला तुरुंगात टाकलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं. त्यांची रीत निराळी होती. उथळ पेटीत ओलसर टीपकागद, त्यावर तलम कापड, त्यावर कागद, आणि बाजूने वाफेची नुसती चाहूल. कागद आपोआप सैल पडायचा, थकलेल्या माणसाने खुर्चीत अंग सोडावं तसा. मग तो कोरड्या टीपकागदांत ठेवून वर वजन. त्याआधी ओल्या कापसाने कागदाचा एक कोपरा अलगद टिपून शाई सुटते का ते पाहायचं. कोपराच. सहीच्या वाटेला बोट जाता कामा नये, हा त्यांचा नेम. ज्या ठिकाणी राजाचा हात टेकला, तिथे लाँड्रीवाल्याचा कापूस कशाला?

त्यांना एकच मुलगी. ती इस्त्रीच्या टेबलाखाली खेळत वाढली. बाकीची मुलं नकाशावर नद्या शोधत तेव्हा ही बंदरं शोधायची, कारण घरात बंदरांचीच नावं कानावर पडत. शिकली, परीक्षा दिल्या, दोनदा आपटली, तिसऱ्यांदा पास झाली आणि परराष्ट्र खात्यात लागली. पुढे दूरच्या एका थंड देशातल्या वकिलातीत तिची नेमणूक झाली.

राजेसाहेबांना आकाश ठेंगणं झालं. गिऱ्हाइकाने पँट उलगडली की हे सुरू. "क्रीज बघा. ठीक आहे ना? आमची मुलगी वकिलातीत चालली."

"सगळ्या गावाला सांगून झालं," बायको म्हणे. "आता कोटांना सांगा."

त्या नेमणुकीसाठी कचेरीत हजर व्हायच्या आदल्या दिवशी मुलगी घरी आली. जेवणं झाल्यावर तिने पर्समधून नेमणूकपत्र काढून बापाच्या हातात दिलं. तिहेरी घडी घातलेलं, आणि पर्सच्या कडेने एका कोपऱ्याला मुडपलेलं.

राजेसाहेबांच्या काळजात कळ आली. "अगं, अशी घडी?"

"बाबा, ते पर्समध्ये मावायला नको?"

"मग मोठी पर्स घ्यायची."

"ते नोकरीचं पत्र आहे हो. तुमच्या शेपटीवाल्या राणीचं नाही."

ते वाचू लागले. वरती छापील राजमुद्रा, खाली संगणकावर उमटवलेला मजकूर, शेवटी जांभळा गोल शिक्का आणि त्यावर निळ्या पेनाने उपसचिवांची सही. सही बाईंची होती, लहानशी आणि उजवीकडे वर चढणारी. "चढती सही आहे," ते समाधानाने म्हणाले. "बाई उमेदीची असणार."

"बाई कडक आहे, एवढं मला माहीत आहे. हे मूळ पत्र उद्या त्यांच्याकडेच जमा करायचंय. ते दिलं की प्रवासाची कागदपत्रं मिळतात. सांभाळून ठेवा हं," असं म्हणून मुलगी आईला घेऊन गरम कोट घ्यायला बाजारात गेली.

घरात राहिले राजेसाहेब, आणि त्यांच्यासमोर ती तिहेरी घडी.

त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे सांगायला नकोच. आपल्या मुलीचा कागद जमा होऊन फायलीत जाणार, आणि जाणार तो चुरगळलेला? उपसचिव बाई काय म्हणतील? लाँड्रीवाल्याची मुलगी, आणि कागदाला ही कळा? शिवाय आयुष्यभर ज्या कागदांची सेवा केली, तसला कागद आपल्या रक्ताच्या माणसाच्या नावाने घरात आला होता. त्याला हात लावल्यावाचून कसा जाऊ द्यायचा? त्यांनी पेटी काढली. टीपकागद ओला केला. नेमाप्रमाणे कापसाने कोपरा टिपून पाहिला. राजमुद्रेची छपाई जागची हलली नाही. मजकुरातलं एक अक्षर टिपलं, तेही पक्कं. सहीला अर्थातच बोट लावलं नाही. तिचा मान ठेवला.

मग वाफ दिली.

जुन्या राजांची शाई अशी वाफ सोसायची. उपसचिव बाईंचं पेन बहुधा कोपऱ्यावरच्या दुकानातलं होतं. झाकण उघडून राजेसाहेबांनी पाहिलं, तर घडी सुरेख निघाली होती. कागद कसा नुकत्याच आंघोळ घातलेल्या मुलासारखा सपाट आणि मऊ. आणि जिथे सही होती तिथे एक निळा ढग होता. जांभळा शिक्का त्या ढगात विरघळून त्याला कडा आली होती.

त्यांनी टीपकागद लावला. निळा ढग टीपकागदावरही उमटला.

मायलेकी परतल्या तेव्हा ते मागच्या खोलीत स्टुलावर बसले होते. बायकोला चेहऱ्यावरूनच कळलं. "अहो, काय झालं?"

"सही गेली."

"कुठल्या राजाची?"

राजेसाहेबांनी मुलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मुलगी आरडाओरडा करेल असं त्यांना वाटलं होतं. तिने केला नाही, आणि तेच त्यांना जड गेलं. तिने पत्र हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि म्हणाली, "बाबा, हे धुतलेलं दिसतंय. कागद कोणी केव्हा धुतो, माहीत आहे? त्यात फेरफार करायचा असतो तेव्हा. त्यांना वाटेल मी काहीतरी केलंय." मग ती आत गेली आणि नव्या कोटाची पिशवी तशीच टेबलावर राहिली.

"मी येतो तुझ्याबरोबर," राजेसाहेब दाराबाहेरून म्हणाले. "मी सांगतो त्यांना."

बायको हळूच म्हणाली, "जा तुम्ही. नको म्हणाली तरी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बसमध्ये शेजारी शेजारी बसले. एरवी ही मुलगी रस्ताभर पाट्या वाचून दाखवायची. त्या दिवशी तिने खिडकीबाहेर पाहिलं ते कचेरीचं फाटक येईपर्यंत.

कचेरीतल्या कारकुनाने पत्र हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा डोळ्यांवर आणला. "सही कुठाय?"

"होती," राजेसाहेब म्हणाले.

"आजोबा, होती म्हणून कसं चालेल? इथे धुतल्याच्या खुणा आहेत. हे प्रकरण आता मॅडमकडे जाणार. त्या बैठकीला गेल्यात." मग त्याने मुलीकडे पाहून आवाज जरा उतरवला. "ताई, तुम्हाला आजच हजर व्हायचंय. आज झालं नाही, तर त्या जागेवर यादीतला पुढचा माणूस जाईल. मी धमकी देत नाही, नियम सांगतोय. आणि कागद कसा खराब झाला, याचा लेखी जबाब लागेल. ज्याच्या हातून झाला त्याचा."

कारकुनाने एक कोरा कागद दिला. बाकावर बसून राजेसाहेबांनी लिहायला घेतलं. जुना कागद घडीवर कसा मोडतो, इथून त्यांनी सुरुवात केली. मग वाफेचे प्रकार आले. पान उलटून ते टीपकागदाच्या जातींपर्यंत पोचले, तेव्हा कारकून खिडकीतून वाकून म्हणाला, "आजोबा, मॅडम पुस्तक वाचणार नाहीत. दोन ओळींत लिहा."

दुसरा कागद आला. दोन ओळी लिहायला त्यांना पहिल्या दोन पानांपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी लिहिलं ते असं: 'पत्राला वाफ मी दिली. घडी काढायची होती. मुलगी घरात नव्हती आणि तिने मला तसं करायला सांगितलं नव्हतं. तिचा यात काही दोष नाही.'

खाली सही करताना मात्र हात अडला. आयुष्यभर त्यांनी कपड्यांच्या पावत्यांवर नुसता एक फराटा मारला होता. नीट, पूर्ण नावाची सही त्यांनी केव्हा केली होती, ते त्यांना आठवेना. एकेक अक्षर जपत त्यांनी ती केली. शेवटचं अक्षर खाली घसरलं.

दुपार कलली. शिपायाने दोनदा फरशी पुसली. मुलगी बाकाच्या त्या टोकाला, बाप या टोकाला, मध्ये तिची पर्स. तिने एकदा पाणी आणून दिलं. बैठक संपली तेव्हा कचेरीतले लोक डबे बांधायला लागले होते.

उपसचिव बाई सहीपेक्षा मोठ्या निघाल्या. उंच, पिकल्या केसांच्या आणि थकलेल्या. त्यांनी जबाब वाचला, पत्र पाहिलं, मग राजेसाहेबांकडे पाहिलं. "तुम्ही काय करता?"

"लाँड्री आहे माझी."

"आणि कागदांना वाफ देता?"

"जुन्या नेमणुका जमवतो. राजांच्या. त्यांच्या घड्या काढतो."

"आतापर्यंत किती राजे असे धुतलेत?"

"एकही नाही, मॅडम," राजेसाहेब कळवळून म्हणाले. "तुमची पहिलीच."

कारकून खोकला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पत्र पुन्हा उचललं. "हे बघा, माझा याच्यावर विश्वास कसा बसावा? मूळ सही धुऊन निघालीय. उद्या कोणी मला विचारलं तर मी काय सांगू? वडिलांना हौस होती?"

आणि इथे, कालपासून गप्प असलेली मुलगी एकदम बोलली. "मॅडम, माझे बाबा खोटं बोलत नाहीत. चांगुलपणा म्हणून नाही, त्यांना जमतच नाही. जमलं असतं तर काल मी घरी आले तेव्हा त्यांनी सांगितलं असतं की मांजराने पाणी सांडलं. मीही विश्वास ठेवला असता. सगळं तिथेच मिटलं असतं."

राजेसाहेबांनी चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. "पण आपल्याकडे मांजर कुठाय?"

मग उपसचिव बाईंनी चष्मा काढला, डोळ्यांना रुमाल लावला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. कारकुनाने तर सरळ भिंतीकडे तोंड केलं. राजेसाहेब तिघांकडे आळीपाळीने पाहत होते. आपण काय बोललो ते त्यांना समजलं नव्हतं.

"नवीन प्रत काढा," बाई कारकुनाला म्हणाल्या. "आणि हा जबाब तिच्या फायलीत लावा. कायमच्या फायलीत."

प्रत येईस्तोवर राजेसाहेब उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. शेकडो सह्या त्यांनी भिंगाखाली पाहिल्या होत्या, पण त्या करणारे हात केव्हाच मातीला मिळालेले. चालत्या हातातून, कोऱ्या जागेवर, नेमणुकीची सही उतरताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. बाईंनी पेन उघडलं. तेवढ्यात फोन वाजला. डाव्या हाताने फोन कानाला लावून, कोणाला तरी "हो, उद्या सकाळी" म्हणत, त्यांनी उजव्या हाताने सही केली. कागदाकडे त्यांचं लक्षही नव्हतं. चढती, लहान सही. झाली. त्या एका श्वासात राजेसाहेबांची मुलगी परमुलखातली वकील झाली.

राजेसाहेबांनी सहीवर वाकून विचारलं, "मॅडम, ही शाई पाण्याला टिकते का हो?"

"बाबा!"

"नाही टिकत," बाई पत्र मुलीच्या हातात देत म्हणाल्या. "म्हणून खाली पहिल्या खिडकीत आत्ताच जमा करा. घरी नेऊ नका."

दोघं खाली आले. लांब व्हरांडा होता, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला कपाटं. पहिल्या खिडकीपुढे चार माणसं उभी होती. मुलगी भिंतीला टेकली, पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला आणि बापाकडे पाहिलं.

"मांजर कुठाय म्हणे," ती म्हणाली.

"नाहीच आहे ना आपल्याकडे."

"नाहीये, बाबा." तिला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. ते तिने ओढणीने टिपले. "आई तिकडे काउंटरवर जीव मुठीत धरून बसली असेल. तिला फोन करायला हवा. इथे आवाज नीट येत नाही, मी जिन्यापाशी जाऊन येते." आणि तिने ते नेमणूकपत्र, वरची शाई अजून पुरती वाळायची होती ते, त्यांच्यापुढे केलं. "धरा. रांगेत उभे राहा."

राजेसाहेबांनी हात मागे घेतले. "मी? नको. तूच ने."

"बाबा, धरा."

त्यांनी आधी दोन्ही तळवे शर्टाला पुसले. मग पत्र घेतलं, दोन्ही हातांनी, कडांना धरून, तान्हं मूल पहिल्यांदा घेणाऱ्या पुरुषासारखं, अंगापासून जरा दूर. मुलगी मागे न बघता जिन्याकडे गेली. तिची पावलं वाजत होती आणि तिचा आवाज लांबून येत होता. "आई, झालं गं. हो. झाली सही. बाबा? ते रांगेत आहेत. हो, त्यांच्याकडेच दिलंय."

व्हरांड्यात पाण्याचं पिंप होतं, त्याची तोटी ठिबकत होती. राजेसाहेबांनी तोटीकडे पाहिलं, आणि रांगेतून न हलता जेवढं दूर सरकता येईल तेवढे सरकले. पुढचा माणूस शिंकायच्या बेतात दिसला, तसे ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले.

बादली घेऊन शिपाई तिकडून चालला होता. तो थांबला. "आजोबा, टेका की जरा भिंतीला. किती वेळ असे हात ताठ करून उभे राहणार?"

"तुम्ही पुढे व्हा," राजेसाहेब घाईघाईने म्हणाले. "आणि बादली त्या बाजूने न्या, दादा. त्या बाजूने."